पावले हलकी, सूर खोल : जोसेफ शबालाला यांचे स्मरण

(हीरक महोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या व्याख्यानमालेत आजवर संतांचे, समाजसुधारकांचे आणि शिक्षणमहर्षींचे स्मरण झाले. आजचे स्मरण एका परदेशी गायकाचे आहे. त्याची मातृभाषा या सभागृहातील कोणालाही येत नसेल. त्याच्या गाण्याला पेटी नव्हती, तबला नव्हता, साधा टाळही नव्हता. वाद्यांच्या साथीवाचून, केवळ माणसांच्या कंठातून उमटलेले हे समूहगान त्याने जगाच्या कानाकोपऱ्यांत नेले. दक्षिण आफ्रिकेतील ‘लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझो’ या गायकवृंदाचे संस्थापक जोसेफ शबालाला यांचे ११ फेब्रुवारी २०२० रोजी प्रिटोरिया येथील रुग्णालयात निधन झाले. तीस वर्षांपूर्वी याच तारखेला, ११ फेब्रुवारी १९९० रोजी, नेल्सन मंडेला तुरुंगाबाहेर आले होते. ज्या देशाच्या दुःखाला आणि मुक्तीला शबालाला यांनी सूर दिला, त्या देशाच्या इतिहासातील सर्वांत आनंदाच्या दिवशीच त्यांनी जगाचा निरोप घेतला.

महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या एका मराठी शाळेच्या उत्सवात त्यांचे स्मरण का करावे, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर त्यांच्या चरित्रातच आहे. गाव सोडून पोटासाठी परक्या शहरात गेलेल्या माणसांनी आपली भाषा आणि आपला सूर कसा जपला, याची ती कथा आहे.

प्रथम त्या गावाविषयी. लेडीस्मिथ हे नाव भारतीय वाचकाला अगदीच अपरिचित नाही. १८९९ मध्ये बोअर युद्ध पेटले आणि बोअर सैन्याने लेडीस्मिथला वेढा घातला. तो वेढा फोडण्यासाठी झालेल्या लढायांत जखमींना डोल्यांतून वाहून नेणारे सुमारे अकराशे भारतीयांचे शुश्रूषा पथक होते आणि त्याचे नेतृत्व मोहनदास करमचंद गांधी या तरुण बॅरिस्टराने केले होते. गावाचे नाव पडले ते केप वसाहतीचा ब्रिटिश गव्हर्नर सर हॅरी स्मिथ यांच्या पत्नीवरून, आणि ही बाई जन्माने स्पॅनिश! झुलूंच्या भूमीवर वसलेल्या गावाला असे दोनदा परके नाव मिळाले. पुढे याच मातीतल्या एका झुलू गुराख्याने ते नाव आपल्या गायकवृंदाला दिले, आणि आज जगाला लेडीस्मिथ ठाऊक आहे ते वेढ्यापेक्षा त्याच्या गाण्यामुळे अधिक.

१९४० च्या सुमारास या लेडीस्मिथजवळच्या एका गोऱ्या मालकाच्या शेतावर जोसेफ शबालाला यांचा जन्म झाला. आईवडील त्याच शेतावर राबत असत. १९१३ च्या भूमी कायद्याने देशातील बहुसंख्य कृष्णवर्णीयांसाठी जेमतेम सात टक्के जमीन राखून ठेवली होती. पिढ्यान्‌पिढ्या जी जमीन कसली, तिच्यावरच मजूर म्हणून जगण्याची पाळी लाखो कुटुंबांवर आली. जोसेफ लहान असतानाच वडील वारले. भावंडांत ते थोरले. शाळा अर्ध्यावर सुटली, हाती गुरांची काठी आली. ज्या माणसाचे शालेय शिक्षण असे तुटले, तोच पुढे असंख्य गायकांचा शिक्षक झाला.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस ते दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या दरबानला कामासाठी गेले आणि कारखान्यात लागले. त्यांच्या आधी हजारो तरुण याच वाटेने गेले होते. कोणी दरबानच्या गोदीत, कोणी जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणींत. बायकामुलांना सोबत आणण्याची मुभा नसे. खिशात परवान्याचे पुस्तक बाळगल्यावाचून रस्त्यावर फिरता येत नसे. राहणे पुरुषांच्या वसतिगृहांत, एकेका खोलीत दाटीवाटीने. कोकणातून आणि घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत आलेल्या आपल्या पूर्वजांच्या गाळ्यांची आठवण इथे कोणाला झाली, तर ते वावगे नाही. मात्र एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे. गिरणगावातल्या चाकरमान्याला गरिबीने दूर आणले होते, वसतिगृहातल्या झुलू मजुराला गरिबीच्या जोडीला कायद्यानेही आपल्या माणसांपासून तोडले होते.

सहा दिवसांच्या कष्टांनंतर येणारी शनिवारची रात्र ही या मजुरांची स्वतःची. त्या रात्री ते गात. गावाकडच्या लग्नातली गाणी, मिशनऱ्यांनी शिकवलेल्या प्रार्थनांतील स्वररचना, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेत दौरे केलेल्या अमेरिकन कृष्णवर्णीय गायकांची ढब, अशा अनेक प्रवाहांतून त्यांचे गाणे घडले. पूर्वीचे गाणे दणदणीत आवाजाचे होते. गावाकडे झुलू नर्तक पाय डोक्याइतका उंच उचलून धाडकन जमिनीवर आपटतो. वसतिगृहात असे नाचले तर पहारेकरी येणार, गाणे बंद पडणार. तेव्हा या मजुरांनी पाय उचलला तितकाच उंच, पण खाली टेकवला तो चवड्यावर, मांजराच्या पावलाने. या शैलीचे नाव ‘इसिकाथामिया’. हलक्या पावलाने, चाहूल न देता चालणे, या अर्थाच्या झुलू क्रियापदावरून ते आले आहे. या नावातील एक व्यंजन जिभेचे टोक वरच्या दातांमागे टेकवून आणि चटकन सोडून उच्चारायचे असते. हळहळ व्यक्त करताना मराठी माणूस ‘च्‌ च्‌’ करतो, जवळजवळ तोच हा ध्वनी. आपण ज्याला केवळ उद्गार मानतो, ते त्या भाषेत अक्षर आहे.

या गाण्यांच्या रात्रभर स्पर्धा चालत. कोकणातल्या भजनाच्या डबलबारीसारखीच तिथेही चुरस असे आणि विजेत्या संघाला बक्षीस म्हणून बहुधा एक शेळी मिळे. परीक्षक निवडण्याची रीत मोठी चमत्कारिक होती. कोणत्याही संघाचा पक्षपात होऊ नये म्हणून पुष्कळदा रस्त्यावरून एखाद्या अनोळखी गोऱ्या माणसाला बोलावून आणत. त्याला झुलू भाषेचा गंधही नसे. गायक मात्र कडक इस्त्रीचे एकसारखे पोशाख, चकाकणारे बूट आणि पांढरे हातमोजे घालून त्याच्यापुढे उभे राहत. आठवडाभर ज्यांना ‘पोऱ्या’ म्हणून हाक मारली जाई, ते त्या रात्री राजबिंडे दिसत. गाणे ही त्यांची करमणूक होतीच. त्याहून अधिक, आपण माणूस आहोत याची आठवण स्वतःला करून देण्याचा तो मार्ग होता.

आता त्या गाण्याच्या घडणीविषयी थोडेसे. आपले संगीत एका स्वररेषेचे आहे. गायक एक असो वा पन्नास, सारे एकच चाल गातात. इसिकाथामियात एकाच वेळी निरनिराळ्या पट्ट्यांतील आवाज निरनिराळे स्वर धरतात आणि त्यांच्या मेळातून गाणे उभे राहते. आपल्याकडे पोवाड्यात शाहीर पुढे गातो आणि झीलकरी झील धरतात, तशी तिथे मुख्य गायकाने साद घालायची आणि समूहाने प्रतिसाद द्यायचा. पण हा समूह सारखा वाटलेला नसतो. शबालाला यांच्या वृंदात मुख्य आवाज त्यांचा, वरच्या आणि मधल्या पट्टीला एकेक गायक, आणि बाकीचे सारे खर्जात! वृंदातले बहुतेक गायक ज्या आवाजाला श्रोता सहसा वेगळे ओळखतही नाही, तो आवाज लावत उभे असतात. तंबोरा गायकाच्या पाठीशी असतो, तसा तो खर्ज शबालालांच्या मृदू, किंचित थरथरत्या आवाजाच्या पाठीशी असे. पुढे एकाचा आवाज उठून दिसायचा असेल, तर अनेकांनी खाली राहणे पत्करावे लागते, ही शिकवण त्या स्वररचनेतच आहे.

ही घडण शबालालांना सहजासहजी सापडली नाही. १९६० च्या सुमारास त्यांनी स्वतःचा वृंद उभारला, पण मनासारखा सूर लागेना. मग १९६४ मध्ये त्यांना एक स्वप्न पडू लागले. ते पुढे अनेक मुलाखतींत ही हकिकत सांगत. सुमारे सहा महिने रात्रीमागून रात्री त्यांना स्वप्नात लहान मुले दिसत. ती रंगमंच आणि आकाश यांच्या मध्ये तरंगत गात असत. शब्द कळत नसत, पण स्वरांचा मेळ असा, की जागेपणी कधी ऐकला नव्हता. या मुलांना शबालाला आपले शिक्षक म्हणत. स्वप्नाचा अर्थ कोणी कसाही लावो. ज्याची शाळा लहानपणी सुटली त्या माणसाने मुलांनाच गुरू मानले, ही गोष्ट शाळेच्या व्यासपीठावरून सांगण्याजोगी खचितच आहे.

स्वप्नात ऐकलेले जागेपणी गायचे, तर तशी माणसे घडवायला हवी होती. शबालालांनी सख्ख्या आणि चुलत-मावस भावंडांना वृंदात घेतले, त्यांना एकेक सूर कानाने ऐकवून, तोंडाने म्हणवून शिकवला. आपल्याकडे जिला गुरुमुखी विद्या म्हणतात, तीच ही पद्धत. वृंदाच्या नावातही त्यांनी आपले सारे बालपण गोवले. लेडीस्मिथ हे गाव, ब्लॅक म्हणजे शेतावरचा सर्वांत बळकट काळा बैल, आणि माम्बाझो म्हणजे कुऱ्हाड. प्रतिस्पर्ध्यांना छाटून वाट मोकळी करणारी. कुऱ्हाडीने काम चोख केले. हा वृंद इतक्या स्पर्धा जिंकू लागला, की अखेरीस आयोजकांनी त्याला स्पर्धेत उतरण्याची बंदी केली. गाण्यासाठी मात्र आग्रहाचे निमंत्रण असे.

१९७० मध्ये आकाशवाणीवरून त्यांचे गाणे ऐकले गेले आणि ध्वनिमुद्रणाचा करार झाला. १९७३ मध्ये निघालेली ‘अमाबुथो’ ही त्यांची पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका. दक्षिण आफ्रिकेत सुवर्ण तबकडीचा मान मिळवणारी कृष्णवर्णीय कलावंतांची ती पहिली ध्वनिमुद्रिका मानली जाते. त्यातील भाषा झुलू, विषय गावाकडचे. प्रेमाचे, विरहाचे, घराच्या ओढीचे. ऐकणारा वर्ग वसतिगृहांतला आणि खेड्यापाड्यांतला. झुलू भाषेतील ते प्रसारण वर्णभेदी सरकारच्याच हाती होते आणि उघड निषेधाला तिथे जागा नव्हती. पण घराची ओढ हाच जिथे कायद्याविरुद्धचा पुरावा, तिथे घराचे गाणेही निषेधच ठरते. पहारेकऱ्याला ऐकू न येणाऱ्या पावलांचे हे गाणे होते, हे विसरून चालणार नाही.

या टप्प्यावर दुसऱ्या एका गायकाचे नाव आदराने घ्यायला हवे. ते म्हणजे सॉलोमन लिंडा. हेही त्याच मुलुखातून जोहान्सबर्गला गेलेले झुलू मजूर. १९३९ मध्ये त्यांनी ‘म्बुबे’, म्हणजे सिंह, हे गाणे ध्वनिमुद्रित केले. त्याची चाल पुढे अमेरिकेत पोहोचली, इंग्रजी शब्द लेवून जगभर गाजली, चित्रपटांत गेली. लिंडांना हक्कांपोटी मिळाले होते अवघे दहा शिलिंग. १९६२ मध्ये ते दारिद्र्यात वारले आणि त्यांच्या वारसांना तडजोडीने न्याय मिळायला २००६ साल उजाडावे लागले. लिंडांचे गाणे जगात गेले, पण त्यांचे नाव आणि भाषा मागेच राहिली.

शबालालांच्या बाबतीत असे झाले नाही, आणि म्हणून त्यांच्या पुढील वाटचालीला निराळे मोल आहे. १९८५ मध्ये अमेरिकन गायक पॉल सायमन दक्षिण आफ्रिकेत आले आणि दोघांची भेट झाली. १९८६ मध्ये निघालेल्या ‘ग्रेसलँड’ या ध्वनिमुद्रिकेसाठी दोघांनी मिळून ‘होमलेस’ हे गीत रचले. ते लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झाले. सायमन यांनी काही इंग्रजी शब्द आणि चालीचा आरंभ पाठवला. शबालालांनी त्यात झुलू लग्नगीताची धाटणी आणि झुलू शब्द विणले. गीतकार म्हणून दोघांचीही नावे छापली गेली. घर नसलेल्यांचे हे गाणे वाद्यांवाचून, केवळ कंठांनी गायलेले, आणि निम्मेअधिक झुलू भाषेत आहे. कोट्यवधी लोकांनी ते ऐकले. त्यांतील फार थोड्यांना त्या शब्दांचा अर्थ ठाऊक होता.

या सहकार्यावर टीकाही झाली. वर्णभेदी राजवटीवर दबाव यावा म्हणून संयुक्त राष्ट्रसंघाने दक्षिण आफ्रिकेवर सांस्कृतिक बहिष्काराचे आवाहन केले होते, आणि सायमन यांनी त्या काळात तिथे जाऊन ध्वनिमुद्रण केल्याबद्दल मुक्तिलढ्यातील अनेक कार्यकर्त्यांनी रोष व्यक्त केला. तो रोष निराधार नव्हता. बहिष्कार हे निःशस्त्र लोकांच्या हाती असलेले मोठे साधन होते. पण ज्यांचा आवाज देशात दाबला जात होता, त्यांचा आवाज जगापुढे आला, ही दुसरी बाजूही तितकीच खरी. इतिहासात अशा ठिकाणी दोन्ही बाजूंना वजन असते, आणि मुलांना इतिहास शिकवताना दोन्ही सांगणे हेच प्रामाणिकपणाचे.

त्यानंतर कीर्ती चालत आली. सायमन यांनी निर्मिलेल्या ‘शाका झुलू’ या ध्वनिमुद्रिकेला १९८८ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला आणि पुढे २००५, २००९, २०१३ आणि २०१८ मध्ये आणखी चार ग्रॅमी या वृंदाने मिळवले. ज्यांच्यासाठी कधीकाळी शेळी हे बक्षीस होते, त्यांच्या वाट्याला हे आले. आणि तरीही परीक्षक तसाच राहिला, त्यांची भाषा न कळणारा! फरक एवढाच, की पूर्वी तो रस्त्यावरून एकटा येई. आता तो सभागृह भरून येत होता. भाषा कळत नसलेल्या माणसाच्याही काळजाला गाणे भिडते, हे शबालालांनी शनिवारच्या त्या रात्रींत कधीच जाणले होते. म्हणून श्रोत्यांना कळावे यासाठी त्यांनी झुलू सोडली नाही. ते इंग्रजी शिकले, इंग्रजीतून श्रोत्यांशी बोलले, काही गाणी इंग्रजीतही गायले. पण गाण्याचे घर झुलूच राहिले.

कीर्तीने दुःख मात्र टळले नाही. डिसेंबर १९९१ मध्ये त्यांचे धाकटे बंधू हेडमन यांना एका गोऱ्या सुरक्षारक्षकाने गोळी घालून ठार केले. हेडमन वृंदातील खर्जाचे आधारस्तंभ होते. ज्या पहारेकऱ्यांना चाहूल लागू नये म्हणून पूर्वजांनी पावले हलकी केली होती, त्यांच्याच जातकुळीतील एका बंदुकीने घरातील आवाज हिरावून नेला. त्यानंतर दोन वर्षांनी, डिसेंबर १९९३ मध्ये, नेल्सन मंडेला यांना शांततेचे नोबेल पारितोषिक स्वीकारण्यासाठी ऑस्लोला जायचे होते. सोबत हाच वृंद गेला. भावाचा आवाज ज्या रांगेतून गळाला होता, त्याच रांगेपुढे उभे राहून शबालाला शांततेच्या सोहळ्यात गायले. पुढच्या वर्षी, १९९४ मध्ये, मंडेलांच्या अध्यक्षपदाच्या शपथविधीच्या सोहळ्यातही हे सूर होते.

नियतीने एवढ्यावर थांबायला हवे होते. पण मे २००२ मध्ये त्यांच्या पत्नी नेली यांची हत्या झाली. शबालाला स्वतः धर्मोपदेशक होते. दुःखितांचे सांत्वन करणे हे त्यांचे काम. आता सांत्वनाची गरज त्यांनाच होती. ते गाण्याकडे परतले. त्यानंतर निघालेल्या ध्वनिमुद्रिकेच्या इंग्रजी नावाचा आशय ‘मन आणखी उंच उचला’ असा आहे, आणि २००५ चा ग्रॅमी तिलाच मिळाला. हा योगायोग पुरस्कारासाठी सांगायचा नाही. शोकाने कंठ दाटतो, हे सारेच जाणतात. दाटलेल्या कंठानेही सूर सोडायचा नाही आणि त्या सुरात कटुता येऊ द्यायची नाही, हे मात्र फार थोड्यांना साधते. त्यांच्या मृत्यूनंतर जगभरच्या श्रोत्यांनी जी हळहळ व्यक्त केली, ती एका नामवंत कलावंताबद्दलची होतीच. पण त्याहून अधिक ती या सौम्यपणाबद्दलची कृतज्ञता होती.

उत्तरायुष्यात त्यांना एकच ध्यास होता. आपली ही कला मुलांच्या हाती द्यायची. वसतिगृहांचे दिवस सरले होते. परवान्याची पुस्तके गेली होती. ज्या दुःखातून हे गाणे जन्मले, ते दुःख ओसरल्यावर गाणेही ओसरेल, ही भीती त्यांना होती. म्हणून ते जिथे संधी मिळेल तिथे मुलांना शिकवत राहिले. इसिकाथामिया शिकवणारी शाळा व्हावी, हे त्यांचे स्वप्न होते. वृंदात त्यांचे पुत्र आले आणि नेतृत्व थमसानका या पुत्राकडे गेले. वडील हळूहळू रांगेतून मागे सरले. २०१४ च्या सुमारास त्यांनी दौऱ्यांतून निवृत्ती घेतली. २०१८ चा ग्रॅमी ‘शाका झुलू’च्या नव्या गायनाला मिळाला, म्हणजे वडिलांनी तीस वर्षांपूर्वी गायलेली गाणी पुढच्या पिढीने पुन्हा गाऊन मिळवलेला. शिक्षकाला याहून मोठा सन्मान कोणता? आपण शिकवलेले आपल्या अनुपस्थितीत नीट म्हटले जावे, एवढीच शिक्षकाची इच्छा असते. शबालालांची ती इच्छा त्यांच्या डोळ्यांदेखत पुरी झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये लेडीस्मिथ येथे त्यांना अखेरचा निरोप देण्यात आला. ज्या गावाचे नाव त्यांनी जगभर वाहिले, त्याच गावाने त्यांना आपल्या कुशीत घेतले.

बंधुभगिनींनो, महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळेपुढे आज कोणता प्रश्न आहे, हे येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. शहराची भाषा वेगळी, बाजाराची वेगळी, नोकरीची त्याहून वेगळी. अशा वेळी ‘मराठीचा उपयोग काय?’ असे पालक विचारतात, आणि ते चुकीचे विचारत नाहीत. मुलांच्या भवितव्याची काळजी त्यांच्या शब्दांमागे असते. नोकरी, व्यवसाय, उच्च शिक्षण यांसाठी मुलाने इंग्रजी आणि प्रदेशाची भाषा उत्तम शिकलीच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण जे आपल्याला येते त्याचा उपयोग होतो, आणि जे आपण असतो त्याचा आधार होतो. शबालालांना इंग्रजीचा उपयोग झाला. झुलूचा आधार झाला. भाऊ गेला, पत्नी गेली, तेव्हा उपयोगाच्या भाषेने त्यांना उभे केले नाही; आधाराच्या भाषेने केले. आपल्या मुलांच्याही आयुष्यात कधीतरी असा दिवस येईल. त्या दिवशी त्यांच्या ओठांवर कोणत्या भाषेतले शब्द येणार आहेत, याचा विचार आजच करायला हवा.

दुसरी गोष्ट साधनांची. मराठी शाळांच्या बाबतीत साधनांच्या उणिवेची चर्चा नेहमी होते आणि ती आवश्यकही आहे. तरीही शबालालांच्या वसतिगृहात काय होते, हे आठवावे. वाद्य नव्हते, पैसा नव्हता, जागा नव्हती, मोठ्याने पाऊल टाकायचीही मुभा नव्हती. होती ती माणसे, त्यांचा कंठ आणि एकमेकांचा सूर ऐकण्याची तयारी. घरी मुलांशी मराठीतून बोलायला, आजीकडून एखादी ओवी शिकून घ्यायला, झोपताना एक गोष्ट सांगायला, सुटीत गावाकडच्या माणसाला मराठीत पत्र लिहायला लावायला यापेक्षा अधिक साधन लागत नाही. शाळा मुख्य आवाज लावू शकेल. पण घराघरांतून खर्ज मिळाला नाही, तर तो आवाज एकाकी पडेल. साठ वर्षे ही शाळा टिकली ती अशा खर्जामुळे. वर्गणी गोळा करणारे, सुटीच्या दिवशी येऊन शिकवणारे, आपल्या मुलांबरोबर शेजाऱ्यांच्या मुलांनाही शाळेत आणणारे, या साऱ्यांची नावे स्मरणिकेच्या पानांवर कदाचित येणार नाहीत. खर्जातला आवाज वेगळा ऐकू येत नाही. तो थांबला, की मात्र सारे गाणे पोकळ वाटू लागते.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. त्यांपैकी अनेक जण आज दूरच्या शहरांत आणि देशांत आहेत, जिथे मराठी बोलायला शेजारी कोणी नाही. तिथेही आठवड्यातली एक रात्र आपली असू शकते. थोडी माणसे जमवावीत, मुलांना जवळ बसवावे आणि जे येते ते म्हणावे. आवाज चांगला असण्याची अट नाही. ऐकणाऱ्याला भाषा कळण्याचीही नाही.

जोसेफ शबालाला यांच्या स्मृतीस या शाळेच्या वतीने विनम्र अभिवादन. त्यांना स्वप्नात गाणे शिकवणारी मुले होती. आपल्यापुढे रोज सकाळी प्रार्थनेला उभी राहणारी मुले आहेत. त्यांच्या गळ्यात मराठी सूर राहील, एवढी जबाबदारी सर्वांनी मिळून घेतली, तर पुढच्या महोत्सवाची चिंता करावी लागणार नाही.